मुंबई ते लंडन : हवाई अंतर नेमके किती, आणि प्रवासाला प्रत्यक्षात किती तास धरावेत?

निशिगंध

नमस्कार मंडळी. मार्चच्या अखेरीस आईवडिलांना घेऊन मुंबईहून लंडनला जाण्याचे ठरत आहे. आईला मधुमेह असून तिच्या इन्सुलिनच्या वेळा ठरलेल्या आहेत. त्यामुळे विमान तिथे किती वाजता उतरेल यापेक्षा घरून निघाल्यापासून नेमके किती तास जातील, हे समजून घेणे आमच्यासाठी जास्त गरजेचे आहे. डॉक्टरांनीही हाच प्रश्न विचारला असून तासांचा तक्ता करून आणायला सांगितले आहे.

मी शोध घेतला तेव्हा एका ठिकाणी अंतर ७,२१० दिसले, दुसऱ्या ठिकाणी ४,४८० आणि तिसऱ्या ठिकाणी ३,८९०. वेळेचेही तसेच. कुठे आठ तास लिहिले आहे, कुठे साडेनऊच्या आसपास, आणि तिकिटाच्या पानावर मात्र जाण्यासाठी दहा तासांच्या जवळपास व परतीसाठी सुमारे नऊ तास दाखवले आहेत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची थेट विमाने पाहिली, तर त्यांच्याही वेळांत फरक आहे. विमानतळ तेच, अंतर तेच, मग हा फरक येतो कुठून? यांतला कोणता आकडा धरून तक्ता करावा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

अक्षांश

अंतराचे कोडे आधी सोडवू, कारण ते सोपे आहे. तुम्हाला दिसलेले तिन्ही आकडे एकच अंतर सांगतात, फक्त एकके वेगळी आहेत. ७,२१० किलोमीटर म्हणजे सुमारे ४,४८० मैल, आणि तेच अंतर सागरी मैलांत मोजले तर सुमारे ३,८९०. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि विमानवाहतुकीचे सगळे हिशेब त्याच एककात चालतात. काही संकेतस्थळे पृथ्वी पूर्ण गोल धरतात, तर काही ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हे लक्षात घेतात, त्यामुळे पाच-दहा किलोमीटरचा फरक दिसला तरी तो सोडून द्यावा.

हे अंतर बृहद्वृत्ताच्या कमानीवर मोजलेले असते. गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत आखूड रेषा ती. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरा, म्हणजे तो कुठून जातो ते लगेच दिसेल. भिंतीवरच्या सपाट नकाशात आपण पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती दोऱ्यापेक्षा बरीच दक्षिणेकडून जाते. दोरा मात्र मुंबईहून जवळजवळ वायव्येला निघतो, सौराष्ट्रावरून कराचीजवळ पोहोचतो, बलुचिस्तान ओलांडून इराणमध्ये शिरतो, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण भागावरून अझरबैजान आणि जॉर्जियाच्या बाजूला जातो, तिथून काळ्या समुद्राचा ईशान्य कोपरा, क्रिमिया, युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि शेवटी उत्तर समुद्राच्या दक्षिण टोकावरून इंग्लंड.

ही देशांची यादी मुद्दाम लिहिली आहे. ती पुन्हा एकदा वाचलीत, तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच सापडेल.

गिरगावकर

अक्षांशराव, आपण दिलेली यादी पाहून मी संगणकावर विमानांचा माग दाखवणारे पान उघडले. भारतीय कंपनीचे मुंबई-लंडन विमान सौराष्ट्राकडे वळलेच नाही. ते थेट अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने गेले. मग त्या आखूड रेषेचा उपयोग काय, असा प्रश्न पडला.

उड्डाणनियोजक

विमानसेवेत फ्लाइट प्लॅन तयार करण्याचे काम मी निवृत्तीपर्यंत केले. आमच्या खोलीत अशा कामाला डिस्पॅच म्हणतात. वैमानिक विमानात बसण्याआधी त्याचा मार्ग, इंधन, उंची आणि पर्यायी विमानतळ यांचा आराखडा डिस्पॅचर तयार करतो आणि दोघांच्या सहमतीने तो पक्का होतो. त्या अनुभवावरून गिरगावकरांच्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

भूमितीच्या दृष्टीने आखूड असलेली रेषा उडता येण्याजोगी असेलच असे नाही. प्रत्येक देशाच्या जमिनीवरचे आकाश त्या देशाचे असते, आणि परवानगीशिवाय त्यात शिरता येत नाही. वर दिलेल्या रेषेवरचे तीन मोठे तुकडे पाहा. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, भारतानेही तसेच उत्तर दिले, आणि ही बंदी तेव्हापासून महिन्यामहिन्याने वाढवली जात आहे. त्याआधी २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हाच अनुभव आला होता. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि त्याच्या पूर्व भागातील धोका तर १७ जुलै २०१४ रोजी मलेशियाचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले तेव्हाच सगळ्या जगाला कळला होता. इराणबद्दल सांगायचे तर, ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून उडालेले युक्रेनचे प्रवासी विमान पाडले गेले आणि त्यातील सर्व १७६ माणसे गेली. तेव्हापासून अनेक कंपन्या तिथले आकाश शक्य तेव्हा टाळतात. म्हणजे ज्या रेषेची लांबी सगळी संकेतस्थळे सांगतात, तिच्या जवळजवळ निम्म्या लांबीवर आज भारतीय विमान एकतर जाऊ शकत नाही किंवा जाणे टाळते.

आता प्रत्यक्ष मार्ग. मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून मस्कतच्या आसपास, तिथून आखाताच्या बाजूने इराकच्या दक्षिण टोकाला, इराकवरून तुर्कस्तान, मग रुमानिया, हंगेरी, जर्मनी असा एक नेहमीचा मार्ग आहे. हे बिंदू जोडून अंतर काढले तर ते साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास येते. याचा अर्थ आखूड रेषेपेक्षा तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर वाढ, म्हणजे वीस-बावीस मिनिटे. मुंबई समुद्राकाठी असल्याचा हा मोठा फायदा आहे. पश्चिमेला निघालेले विमान पाकिस्तानला शिवल्याशिवाय ओमान गाठते आणि त्यात फार वाट वाकडी होत नाही.

दिल्लीचे उदाहरण पाहिल्यावर हे अधिक स्पष्ट होईल. दिल्ली-लंडन अंतर बृहद्वृत्तावर सुमारे ६,७३० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईपेक्षा जवळजवळ पाचशे किलोमीटरने कमी. पण दिल्लीचे विमान आज थेट पश्चिमेला जाऊ शकत नाही. राजस्थान आणि गुजरातवरून आधी नैर्ऋत्येला उतरून, समुद्र गाठून, मग ओमानकडे वळावे लागते. तोच पुढचा मार्ग धरून हिशेब केला तर अंतर आठ हजार किलोमीटरच्या घरात जाते. नकाशावर लंडनला जवळ असलेली दिल्ली या मार्गाने मुंबईपेक्षा दूर पडते. हा फरक प्रवाशाच्या तासांत दिसतोच, पण इंधनात आणि वैमानिकांच्या कामाच्या तासांतही दिसतो. अशा मोठ्या विमानाला तासाला पाच ते सात टन इंधन लागते, आणि जास्तीचे इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते, हे लक्षात घेतले म्हणजे एका तासाची किंमत कळते.

निशिगंधताई, दोन कंपन्यांच्या वेळांतील फरकाचे एक कारणही यातच आहे. पाकिस्तानची बंदी भारतीय विमानांपुरती आहे. ब्रिटिश कंपनीला तो मार्ग खुला आहे, तो वापरायचा की नाही हे ती कंपनी रोजच्या परिस्थितीनुसार ठरवते. एकाच दिवशी, एकाच धावपट्टीवरून उडालेली दोन विमाने त्यामुळे पहिल्या तासातच वेगळ्या दिशांना जाऊ शकतात.

आणि नेहमीचा मार्गसुद्धा कायमचा नसतो. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ला केला, तेव्हा इराण आणि इराक या दोन्ही देशांचे आकाश काही तासांत रिकामे झाले. मुंबईहून लंडनला निघालेले एक विमान त्या दिवशी वाटेतून मुंबईला परत फिरले. पुढचे काही दिवस सौदी अरेबिया, इजिप्त आणि भूमध्य समुद्र असा दक्षिणेकडचा मार्ग धरावा लागला. त्याची लांबी मी मोजली तर ती ७,९५० किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे आखूड रेषेच्या दहा टक्के अधिक. अशा दिवसांत एक तासाची वाढ गृहीत धरावी.

दर्यावर्दी

उड्डाणनियोजक काका, इतकी नेमकी माहिती एकत्र कुठेच वाचायला मिळाली नव्हती. मात्र यातून मला एक आक्षेप सुचतो. विमान कधीच ७,२१० किलोमीटर उडत नसेल, तर तो आकडा लोकांना दाखवणे म्हणजे त्यांची दिशाभूल नाही का? जहाजांच्या बाबतीत मुंबईपासून एखाद्या बंदराचे अंतर सांगताना आम्ही सुवेझमार्गे किंवा केपमार्गे असे स्पष्ट सांगतो, जमिनीवरून रेघ मारून सांगत नाही. संकेतस्थळांनीही प्रत्यक्ष उडालेले सरासरी अंतरच द्यायला हवे.

अक्षांश

दर्यावर्दी, आपला मुद्दा वजनदार आहे, तरीही मी सहमत नाही. मार्ग रोज बदलतो, कंपनीनुसार बदलतो, जातानाचा आणि येतानाचा वेगळा असतो. अशा वेळी सर्वांना मान्य होईल असे न बदलणारे एक माप हवेच, आणि बृहद्वृत्ताचे अंतर हेच ते माप आहे. त्याचा उपयोग केवळ अभ्यासापुरता नाही. ब्रिटनच्या नियमांनुसार विमान उशिरा पोहोचल्यास मिळणारी भरपाई याच अंतरावर ठरते. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात विमान चार तास किंवा अधिक उशिरा पोहोचले आणि कारण कंपनीच्या आवाक्यातले असेल, तर प्रत्येक प्रवाशाला ५२० पौंड मिळतात. उशीर तीन ते चार तासांचा असेल तर त्याच्या निम्मे. लंडनहून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला हा नियम लागू आहे. मुंबईहून लंडनला जाताना मात्र कंपनी ब्रिटिश किंवा युरोपीय संघातील असावी लागते. हवाई हद्द अचानक बंद होणे हे अर्थातच कंपनीच्या आवाक्याबाहेरचे कारण मानले जाते. आता विचार करा, प्रत्यक्ष उडालेल्या अंतरावर भरपाई ठरू लागली, तर सीमारेषेवरच्या प्रत्येक मार्गासाठी रोज वाद झाला असता.

दिशाभूल अंतराच्या आकड्यामुळे होते असे मला वाटत नाही, ती त्या आकड्यावरून काढलेल्या वेळेमुळे होते. निशिगंधताईंना दिसलेले आठ तास म्हणजे ७,२१० भागिले ताशी ९०० किलोमीटर. दुसऱ्या प्रकारची पाने ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेग धरतात आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतात, म्हणून तिथे साडेनऊच्या जवळचा आकडा येतो. दोन्ही ठिकाणी जाण्याची आणि येण्याची वेळ अगदी सारखी दाखवलेली असेल. ती सारखी दिसली की समजावे, या हिशेबात वारा धरलेला नाही.

दर्यावर्दी

भरपाईचा नियम मला ठाऊक नव्हता. त्या कामासाठी स्थिर माप हवे हे पटले. तरीही अंतराशेजारी ‘प्रत्यक्ष मार्ग यापेक्षा लांब असतो’ अशी एक ओळ असावी, एवढा माझा आग्रह कायम आहे.

मोसमी

हवामानशास्त्र शिकवत असल्याने वाऱ्याबद्दल लिहिण्याचा मोह आवरत नाही, आणि या धाग्यात त्याची गरजही आहे.

विमान साधारण दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून जाते. त्या उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिशय वेगवान वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात यांतला एक प्रवाह ३० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, म्हणजे अरबस्तानाच्या उत्तर भागावरून, इराणवरून आणि उत्तर भारतावरून वाहतो. मुंबई-लंडनच्या वाटेतला मधला टप्पा नेमका या पट्ट्यातून जातो, आणि पुढे युरोपवरही बहुतेक दिवस पश्चिमेचेच वारे असतात. लंडनला जाणाऱ्या विमानाला ते समोरून येतात, परतणाऱ्याला पाठीमागून.

हिशेब करून पाहू. मार्ग ७,५०० किलोमीटरचा आणि हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटरचा धरला, तर वारा नसताना आठ तास वीस मिनिटे लागतील. संपूर्ण वाटेवर सरासरी ताशी ८० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर जमिनीच्या संदर्भात वेग ८२० राहतो आणि वेळ नऊ तास नऊ मिनिटांवर जाते. तोच वारा पाठीमागून मिळाला तर वेग ९८० होतो आणि प्रवास सात तास एकोणचाळीस मिनिटांत होतो. दीड तासाचा फरक केवळ वाऱ्याचा. जाताना गमावलेली वेळ परतीला पूर्ण भरून निघते, असा समज असतो, पण तसे होत नाही. जाताना एकोणपन्नास मिनिटे गेली आणि येताना एकेचाळीसच परत मिळाली. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून त्याचे नुकसान नेहमी नफ्यापेक्षा मोठे असते.

उन्हाळ्यात हा पश्चिमेचा प्रवाह उत्तरेला सरकतो आणि दुबळाही होतो. जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत तर दक्षिण भारत आणि अरबी समुद्र यांच्यावर, बऱ्याच उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वेगळा प्रवाह तयार होतो. पावसाळ्यात मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला पहिल्या टप्प्यात त्याची थोडी मदत होऊ शकते. मार्चअखेर मात्र पश्चिमी वारे अजून जोरात असतात. निशिगंधताईंनी जाण्यासाठी मोठाच आकडा धरावा.

हाउन्स्लोकर

हीथ्रोच्या धावपट्ट्यांच्या पूर्वेला राहतो. दिवसभर विमाने डोक्यावरूनच उतरतात. इकडच्या टोकाविषयी थोडे सांगतो.

तिकिटावर जी वेळ लिहिलेली असते ती हवेतली नसते. विमान मुंबईत आपल्या जागेवरून हलल्यापासून लंडनमध्ये जागेवर येऊन थांबेपर्यंतची ती वेळ असते, तिला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी उड्डाणासाठी रांगेत थांबावे लागते. हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, तरीही गर्दी इतकी असते की आलेली विमाने आकाशात घिरट्या घालत थांबवली जातात. त्यासाठी बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, बिगिन आणि ऑकम अशा चार ठरलेल्या जागा आहेत. भारताकडून येणारी विमाने बहुधा लॅम्बोर्न किंवा बिगिनला थांबतात. दहा-पंधरा मिनिटे घिरट्या होणे ही इथे अडचण मानली जात नाही, वेळापत्रकातच ती धरलेली असते. म्हणूनच कधी कधी विमान छापील वेळेच्या अर्धा तास आधी उतरते.

रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेत हीथ्रोवर उड्डाणांच्या संख्येला आणि आवाजाला मर्यादा आहे. त्यामुळे पहाटे लवकर पोहोचणाऱ्या विमानांना फार आधी येऊन उपयोग नसतो.

निशिगंधताई, आईंच्या तक्त्यात उतरल्यानंतरचा वेळ जरूर धरा. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागवून ठेवा. विमानातून बाहेर पडणे, पासपोर्ट तपासणी, सामान आणि घरापर्यंतचा प्रवास यांत दोन ते तीन तास सहज जातात. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, खाली सामानात देऊ नका, तिथल्या थंडीने ते गोठून निकामी होऊ शकते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी.

गिरगावकर

उड्डाणनियोजकांनी दक्षिणेकडच्या मार्गाचे ७,९५० किलोमीटर लिहिले, तेव्हा मला जुना मार्ग आठवला. एअर इंडिया इंटरनॅशनलचे मुंबईहून लंडनला पहिले विमान ८ जून १९४८ रोजी सुटले. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे, पंख्यांच्या चार इंजिनांचे ते विमान, नाव ‘मलबार प्रिन्सेस’. ते कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत लंडनला गेले. आज कुतूहल म्हणून मी ते तीन टप्पे मोजले. मुंबई-कैरो सुमारे ४,३४०, कैरो-जिनिव्हा सुमारे २,८२५ आणि जिनिव्हा-लंडन सुमारे ७५५. बेरीज ७,९२० किलोमीटर.

त्या काळी विमानाला एका दमात इतके अंतर उडण्याइतके इंधनच मावत नव्हते, म्हणून कैरोचा वळसा. १९६० मध्ये एअर इंडियाने लंडनला बोइंग ७०७ ही जेट विमाने सुरू केली आणि पुढच्या काळात थेट उड्डाणे शक्य झाली. इंजिने सुधारली, इंधन पुरू लागले, आखूड रेषा विमानाच्या आवाक्यात आली. आणि जून २०२५ मध्ये त्याच विमानांना पुन्हा इजिप्तवरून जावे लागले, जवळजवळ तेवढेच किलोमीटर उडून.

उड्डाणनियोजक

गिरगावकर, हे दोन आकडे शेजारी ठेवल्याबद्दल मनापासून आभार. कामाच्या काळात आम्ही रोज मार्ग काढले, पण १९४८ च्या मार्गाशी तुलना करून पाहण्याचे कधी सुचले नव्हते. एक तफावत मात्र नोंदवतो. तेव्हाची अडचण यंत्राची होती आणि अभियंत्यांनी ती बारा वर्षांत बऱ्याच अंशी दूर केली. आताची अडचण दोन सरकारांच्या सह्यांची आहे, आणि तिच्यावर डिस्पॅचच्या खोलीत बसून कोणताही उपाय काढता येत नाही. मला ही गोष्ट फार खटकते. एका विमानाचे तीनशे किलोमीटर किरकोळ वाटतात, पण रोजची सगळी विमाने, दिल्ली आणि अमृतसरसकट, धरली तर जाळलेल्या इंधनाचा ढीग डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि त्याचे पैसे शेवटी आपल्यासारख्या प्रवाशांच्या तिकिटातूनच वसूल होतात.

निशिगंध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन शंका उरल्या आहेत. आमचे जाणे २८ मार्चच्या शनिवारी ठरते आहे, आणि लंडनमधील भावाने सांगितले की त्याच रात्री तिथली घड्याळे पुढे जातात. त्याने आमच्या तासांवर परिणाम होईल का? आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आहे. पुढेमागे तिथून लंडनला जाता आले, तर वेळेत काही फरक पडेल का? आम्ही पनवेलला राहतो, म्हणून विचारले.

अक्षांश

नवी मुंबईचे आधी. तो विमानतळ सांताक्रूझपासून सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आत, आग्नेयेला आहे. लंडनपर्यंतचे अंतर त्यामुळे वीस-बावीस किलोमीटरने वाढते, म्हणजे हवेत दीड मिनिट. तुम्ही पनवेलला राहता तर घरून विमानतळावर पोहोचण्यात वाचणारा वेळ त्याच्या कितीतरी पट असेल.

आता घड्याळाचे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे एक वाजता घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. २०२६ मध्ये मार्चचा शेवटचा रविवार २९ तारखेला येतो. हिवाळ्यात भारत लंडनच्या साडेपाच तास पुढे असतो, उन्हाळी वेळेत साडेचार तास.

समजा, शनिवारी मुंबईहून दुपारी एकला विमान सुटले आणि ब्लॉक टाइम दहा तासांचा आहे. पोहोचाल तेव्हा मुंबईत रात्रीचे अकरा असतील आणि लंडनमध्ये संध्याकाळचे साडेपाच. घड्याळ बदलायला अजून साडेसात तास असतील, म्हणजे विमानातील तासांवर परिणाम शून्य. पण तेच विमान रविवारी त्याच वेळी निघाले तर लंडनमध्ये साडेसहा वाजलेले दिसतील, जरी प्रवास तेवढ्याच तासांचा झाला असला तरी. शनिवारी तिथे पोहोचून झोपलात, तर रात्रीतला एक तास गायब होईल. सकाळी आठ वाजता लंडनच्या घड्याळाने घेतलेली मात्रा भारताच्या हिशेबाने दुपारी साडेबाराची असेल, दीडची नव्हे.

म्हणून डॉक्टरांसाठी तक्ता करताना एकच घड्याळ वापरा, आणि ते भारतीय वेळेचे असू द्या. पनवेलहून निघण्याची वेळ, विमान सुटण्याची वेळ, उतरण्याची वेळ, भावाच्या घरी पोहोचण्याची वेळ, पुढच्या सकाळची न्याहारी, हे सगळे भारतीय वेळेत एका स्तंभात लिहा आणि शेजारच्या स्तंभात लंडनची वेळ लिहा. घरून विमानतळावर जाणे आणि तिथले तीन तास मिळून पाच, ब्लॉक टाइम दहा, उतरल्यावर तीन, असे अठरा तास धरा आणि मार्ग बदलल्यास एक तास वर ठेवा. त्या दिवशी जेवणांमधील अंतर लांबेल, मात्रा किती आणि कधी बदलायची हे डॉक्टर त्या तक्त्यावरून ठरवतील. परतीसाठी वेगळा तक्ता लागेल. लंडनहून रात्री नऊला सुटलेले विमान उन्हाळी वेळेत भारताच्या रात्री दीड वाजता सुटते आणि नऊ तासांनी, सकाळी साडेदहाला मुंबईत पोहोचते. त्या प्रवासात लंडनच्या घड्याळाने चालणाऱ्या आईंची रात्र साडेचार तासांनी आखूड होणार आहे. तेव्हा येतानाच्या मात्रांविषयीही जाण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.